तिरफळ : बांगड्याच्या आमटीतलं रानझाड

परळची_सुमा

माटुंग्याच्या बाजारात ओली तिरफळं दिसायला लागली आहेत. हिरवीगार, वाटाण्याहून लहान, देठासकट घोसच्या घोस. गणपतीला गावी गेलेली मंडळीही येताना पिशवीत घालून आणतील. ओली तिरफळं थोडेच दिवस मिळतात, नंतर वर्षभर वाळलेल्यांवर भागवायचं, म्हणून धागा आत्ताच काढते आहे. आमच्या इमारतीत एकेकाळी बांगडा शिजला की जिन्यात तिरफळाचा वास यायचा. आता त्याच घरांतल्या नव्या सुना-मुलांना तिरफळ दाखवलं तर ओळखता येत नाही. एवढा आपला मसाला, तो असा हातातून सुटू नये असं मनापासून वाटतं.

आधी झाडाबद्दल. तिरफळाची सहसा कोणी शेती करत नाही. हे कोकणातलं आणि सह्याद्रीच्या उतारांवरचं रानझाड. शास्त्रीय नाव झँथोझायलम रेट्सा, कूळ लिंबाचं. म्हणजे लिंबू, बेल, कढीपत्ता यांचं हे भावंड, आणि पान चुरगळून हुंगलं की ते लगेच पटतं. उंची सहज पन्नास फुटांच्या वर जाते. खोड एकदा पाहिलं की विसरत नाही: सालीवर लाकडी गाठी, खाली रुंद आणि वर निमुळत्या, प्रत्येकीच्या टोकाला काटा. त्या खोडाला मिठी मारून वर चढणं शक्यच नाही.

फळ कच्चं असताना हिरवं, मग तपकिरी होतं, वाळलं की आपोआप उकलतं आणि आत काळं कुळकुळीत, चकचकीत बी दिसतं. सगळी करामत सालीत आहे, बी टाकून द्यायचं. ते कडवट लागतं आणि दाताखाली वाळूसारखं कचकचतं. बाजारातून आणलेली तिरफळं ताटात पसरून बिया वेगळ्या करायला दहा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं द्यायलाच हवीत. घेताना नखाने साल दाबून हुंगून बघा. लिंबाच्या सालीसारखा, थोडा कापराकडे झुकणारा वास लगेच आला पाहिजे. नुसता भुशासारखा वास आला तर माल जुना समजा. घरी आणल्यावर काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब. मी तर बरणी फ्रीजमध्येच ठेवते.

दुकानात मागताना नीट उच्चारून मागा, नाहीतर हिरडा-बेहडा-आवळ्याचं त्रिफळा चूर्ण हातात पडतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

वापर मुख्यतः तेलकट माशात. बांगडा, तारली, पेडवे. पापलेटला किंवा सुरमईला मी कधीच घालत नाही, त्यांची चव नाजूक, तिरफळ ती झाकून टाकतं. बांगड्याला मात्र त्याचा स्वतःचा उग्र वास असतो आणि तिरफळ त्याच्याशी बरोबरीने उभं राहतं.

तुमच्या घरी कशाकशात घालतात, औषधाला वापरतात का, कुठे चांगली मिळतात, सगळं लिहा. झाड कोणी पाहिलं असेल तर त्याबद्दलही.

कुडाळचो_बाबलो

सुमाताई, बरां केलास धागो काढलास तो. आमच्याकडे तिरफळां नसली तर बांगड्याचा तिकला करणतच नाय. आवस (आई) म्हणता, त्यापेक्षा बांगडे भाजून खावा.

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. मी कामाला भांडुपला, घर कुडाळजवळ. आमच्या परड्याच्या मागे तिरफळाची जुनी झाडं आहेत. फळं काढायला लांब काठीला आकडी बांधतात, खाली जुनी लुगडी नाहीतर ताडपत्री पसरतात. घोस पडले की पोरंटोरं निवडायला बसतात. हाताला वास लागतो तो दोन वेळा साबण लावूनही जात नाही, आणि त्याच हाताने डोळा चोळला तर मग काही खरं नाही. फळं उन्हात पसरली की दोन-तीन दिवसांत उकलायला लागतात. पाऊस मध्येच आला तर मात्र काळी पडतात आणि तसला माल कोणी घेत नाही.

झाडाबद्दल एक वाईट गोष्टही सांगायची आहे, पण ती सावकाश लिहीन.

नवा_संसार_ठाणे

छान माहिती. माझं माहेर विदर्भातलं, सासर मालवणचं, त्यामुळे तिरफळ लग्नानंतरच कळलं. सासूबाई गावी असतात, फोनवर "घाल अंदाजाने" एवढंच सांगतात. तिरफळं वाटणात घालून वाटायची की अख्खी सोडायची? आणि किती?

परळची_सुमा

@नवा_संसार_ठाणे, वाटणात अजिबात नको. बारीक वाटली की कडवटपणा सगळ्या आमटीत उतरतो आणि मग गूळ घालूनही सुधारत नाही. बिया काढलेल्या साली खलबत्त्यात दोन ठोके देऊन चेचायच्या, बस्स. ओली असतील तर तळहाताने दाबून फोडायची.

मी करते ते तिखलं, म्हणजे बाबलोचा तिकला, असं. मध्यम आकाराचे चार बांगडे, साफ करून, तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवायचे. अर्ध्या नारळाचं खोबरं, दहा-बारा बेडगी मिरच्या (आधी गरम पाण्यात भिजवलेल्या), चमचाभर धने आणि हळद हे गंधासारखं वाटायचं. कांदा, लसूण, आलं काही नाही. वाटण पातेल्यात काढून थोडंच पाणी घालायचं, तिखलं दाटसर हवं. त्यात पाच-सहा आमसुलं, मीठ आणि चेचलेली आठ-दहा तिरफळं. एक उकळी आली की बांगडे सोडायचे, आच मंद करायची. मासा शिजायला सहा-सात मिनिटं पुरतात. चमचा घालून ढवळू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल तेल आणि लगेच झाकण. अर्धा तास तरी मुरू द्या. खरं तर सकाळी केलेलं रात्री खावं.

आणि पाहुणे असतील तर आधीच सांगून ठेवा, की ताटात तिरफळाची साल आली तर बाजूला काढायची. ती चावून खायची नसते.

माटुंगा_तेप्पल

आम्ही कारवारकडचे सारस्वत, घरी कोंकणी बोलतो, आमच्याकडे यालाच तेप्पल म्हणतात. वाचून फार आनंद झाला. पण सुमाताई, तुम्ही "मुख्यतः माशात" म्हणालात तिथे मला बोललंच पाहिजे. आमच्या घरात तेप्पल शाकाहारी जेवणात जास्त लागतं, आणि सणावारी तर हटकून.

गोव्याकडचं खतखतं घ्या. चतुर्थीला आणि लग्नकार्यात हे होतंच. पावसाळी भाज्या, कंदमुळं, तूरडाळ, नारळाचं वाटण, गूळ, आमसुलं आणि तेप्पल. त्यातून तेप्पल काढलं तर उरते ती नुसती मिश्र भाजी. दुसरं, नीरफणसाची आमटी. शिजवलेली तूरडाळ, नीरफणसाचे चौकोनी तुकडे, खोबरं-लाल मिरची-चिंचेचं वाटण, वरून तेप्पल. अळसांदे (चवळीच्या जातीचं कडधान्य) आणि बटाट्यालाही असंच.

आणि आमच्या घरचा नियम असा की तेप्पल घातलं तर फोडणी द्यायची नाही. मोहरी नाही, हिंग नाही, लसूण तर नाहीच. फक्त कच्चं खोबरेल. तेप्पलाचा वास वरच्या वर तरंगणारा असतो, हिंग-मोहरीच्या धुरात तो संपतो. तुमच्या तिखल्यातही फोडणी नाही, म्हणजे हा नियम तुमच्याकडेही आहेच, फक्त कोणी तोंडाने सांगत नाही.

ओली जास्त आली तर आम्ही मिठाच्या पाण्यात घालून बरणीत ठेवतो. रंग उतरतो पण स्वाद बराच टिकतो. आजकाल मी फ्रीजरमध्येही टाकते, ते अधिक सोपं.

लालबाग_मसाला

लालबागला मिरची गल्लीजवळच लहानाचा मोठा झालो, त्यामुळे थोडं मसाल्याच्या बाजूने. एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटायला जी गर्दी होते त्यात मालवणी मसाल्याच्या यादीत तिरफळ असतंच. मिरची, धने, बडीशेप, दगडफूल, बाद्यान, नागकेशर, जायपत्री यांच्याबरोबर मूठभर तिरफळ. आमच्याकडे ते मंद भाजून घेतात. तेव्हा "वाटणात अजिबात नको" हे मला तरी एकतर्फी वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक मसाल्यात घालून कुटत आले आहेत, ते काय उगाच?

परळची_सुमा

@लालबाग_मसाला, उगाच नक्कीच नाही. किलो-दोन किलो मसाल्यात मूठभर, तेही सुकं आणि भाजलेलं, म्हणजे एका आमटीच्या वाट्याला चिमूटभरही येत नाही. तिथे त्याचं काम पाठीमागे राहून मसाल्याला धार देण्याचं. तिखल्यात ते पुढे असतं. वाटणात आठ-दहा तिरफळं एकदम गेली तर कडू होणारच. माझा आग्रह एवढाच की मसाल्यात आहे म्हणून आमटीत वेगळं घालायचं सोडू नये. मसाल्यातलं तिरफळ जिभेला झिणझिण्या आणत नाही. तिखल्यातलं आणतं, आणि मला तेच हवं असतं.

लालबाग_मसाला

हे पटलं. मसाल्यातली झिणझिणी खरंच कधी जाणवलेली नाही.

रसायन_विलेपार्ले

त्या झिणझिण्यांबद्दल लिहितो, माझा विषय आहे. तिरफळ "तिखट" नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन किंवा मिरीतलं पायपरिन जी जळजळ देतं, ती उष्णतेची जाणीव असते. तिरफळाच्या कुळात सॅनशूल नावाची द्रव्यं असतात. ती स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतात, म्हणून जिभेला आणि ओठांना कोणी हलकेच थरथरवत असल्यासारखं वाटतं आणि मग थोडा बधिरपणा येतो. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली हे मोजलं. ओठांवर सिचुआन मिरी (तिरफळाची चिनी भावकी) लावली, बोटावर कंप देणारं यंत्र ठेवलं आणि दोन्ही थरथर कधी सारखी वाटते ते लोकांना विचारलं. उत्तर सेकंदाला साधारण ५० कंपनं असं आलं. प्रत्यक्षात ओठ हलतच नाहीत, तरी मेंदूला तसं कळवलं जातं.

सिचुआन मिरी, जपानचा सॅनशो, नेपाळचा टिमूर, सुमात्रातल्या बटाक लोकांचा अंदालिमान, ही सगळी तिरफळाचीच भावकी आहे, झाडाच्या जाती वेगवेगळ्या. वास मात्र सालीतल्या तेलाचा. त्यात लिमोनिन, सॅबिनिन अशी उडून जाणारी द्रव्यं असतात, म्हणून जास्त वेळ खळखळ उकळलं की वास स्वयंपाकघरात आणि आमटी कोरडी. माटुंगा_तेप्पल यांचा फोडणी न देण्याचा नियम आणि सुमाताईंचं गॅस बंद करून झाकण ठेवणं, दोन्ही यात बसतं.

चायनीज_गिरगाव

माझ्या मनातलं बोललात. आपल्या मुंबईत गाडीगाडीवर शेजवान मिळतं, पण त्यात सिचुआन मिरी जवळजवळ कधीच नसते. लाल मिरची, लसूण, आलं, व्हिनेगर, झालं. नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं आणि तिथला मुख्य मसालाच गायब. मी घरी शेजवान चटणी करताना शेवटी तिरफळाची कोरडी पूड घालते: साल तव्यावर अगदी मंद आचेवर अर्धा मिनिट गरम करून, थंड झाल्यावर कुटून, चाळून. वाटीभर चटणीला पाव चमचा. सिचुआन मिरीपेक्षा तिरफळाचा लिंबासारखा वास जास्त, झिणझिण्या थोड्या कमी. मुलांना आवडली.

एक वाचलेली गोष्ट: अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत सिचुआन मिरीच्या आयातीवर बंदी ठेवली होती. लिंबाच्या झाडांवर पडणारा कँकर रोग तिच्यातून पसरेल या भीतीने. लिंबाचं कूळ एकच, म्हणून.

आजीचा_बटवा_दहिसर

औषधाचं कोणीच लिहिलं नाही! आमच्या आजीने दाढ दुखली की तिरफळाची साल दाढेखाली धरायला सांगायचं हे ठरलेलं. पोटात गुबारा धरला तर तिरफळ-ओवा-सैंधव कुटून कोमट पाण्याबरोबर. बांगडा बाधू नये म्हणूनच तिरफळ घालतात असं ती म्हणायची. झाडाची साल उकळून काढा पण देत असत सांध्यांना, पण ते मी पाहिलेलं नाही. कोणी वैद्य असतील तर सांगा, हे आजही करावं का?

वैद्य_बोरिवली

आयुर्वेद शिकले आहे, प्रॅक्टिस करते, म्हणून थोडं सविस्तर.

ग्रंथांत ज्याला तुंबरु म्हटलं आहे ते बहुतेक ठिकाणी हिमालयातलं तेजबल धरतात, म्हणजे नेपाळी टिमूर. उत्तराखंडात त्याच्या काडीचं दातण आजही करतात. आपल्या किनाऱ्यावर त्याच जागी तिरफळ वापरलं गेलं. चवीला कटू-तिक्त म्हणजे तिखट-कडू, वीर्य म्हणजे शरीरावरचा परिणाम उष्ण, कफ आणि वात कमी करणारं, भूक लावणारं, पचन सुधारणारं. त्यामुळे तेलकट, पचायला जड माशात तिरफळ, किंवा खतखत्यातल्या कंदमुळांत आणि डाळीत तिरफळ, ही जोडणी आपल्या बायकांनी फार विचारपूर्वक केलेली आहे. मला या ज्ञानाचा मनापासून आदर आहे.

दाढेचं म्हणाल तर साल धरल्यावर बधिरपणा येतो हे खरं, वर रसायन_विलेपार्ले यांनी कारणही दिलं आहे. याच कुळातल्या एका अमेरिकन झाडाची साल तिथले मूळ रहिवासी दातदुखीवर चघळत, आणि त्या झाडाचं इंग्रजीतलं नावच दातदुखीचं झाड असं आहे. पण बधिर झाली म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. किडलेली दाढ, आत पू, गालाला सूज असेल तर रात्र काढायला तिरफळ ठीक, सकाळी दंतवैद्याकडे जायचंच. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक घरगुती उपायावर महिना काढून मग येतात आणि तोवर दाढ काढण्यापलीकडे काही उरलेलं नसतं.

पोटाला तिरफळ-ओवा-सैंधव, चिमूटभर, एखाद्या वेळी, चालेल. ज्यांना आम्लपित्त आहे, अल्सर आहे, त्यांनी घेऊ नये. गरोदरपणात औषध म्हणून नको, आमटीतल्या दोन-चार सालींनी काही होत नाही. झाडाच्या खोडाच्या किंवा मुळाच्या सालीचा काढा मात्र कोणीही घरी करून पिऊ नये. मात्रा किती, कोणाला, हे पाहिल्याशिवाय मी स्वतःही देत नाही. आणि मुळाची साल काढली की झाड मरतं, तेही लक्षात घ्या.

आजीचा_बटवा_दहिसर

धन्यवाद वैद्यताई. इतकं नीट कोणी सांगत नाही. वडिलांना अल्सरचा त्रास आहे, त्यांना देणार नाही.

पंख_पाकोळ्या_मुलुंड

मी फुलपाखरांच्या नादाने या झाडापर्यंत पोचले. मलबार बँडेड पीकॉक हे पश्चिम घाटातलं, काळ्या पंखांवर निळसर-हिरवा रुंद पट्टा असलेलं फुलपाखरू अंडी तिरफळाच्याच पानांवर घालतं. त्याच्या अळ्या हीच पानं खातात. केरळने २०१८ साली त्याला राज्याचं फुलपाखरू केलं. आपल्या राज्याचं ब्लू मॉर्मन, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या पानांवरच वाढतात. तिरफळ गेलं तर फक्त आमटी जाणार नाही.

कुंडीत लावता येईल का? आमच्या बाल्कनीला ऊन भरपूर आहे.

कुडाळचो_बाबलो

@पंख_पाकोळ्या_मुलुंड, कुंडीत नको ताई. मोठं झाड आहे, मूळ खोल जातं, आणि काटे लहान रोपालाही असतात. बाल्कनीत कढीपत्ता लावा, तोही त्याच कुळातला, फुलपाखरं त्यावरही येतात. गावी जागा असेल तर मात्र तिरफळ जरूर लावा. बी ताजं हवं, वर्षभर डब्यात राहिलेलं रुजत नाही. रुजायला वेळ लागतो, धीर धरावा लागतो. आम्ही रुजवून पाहण्यापेक्षा पावसात झाडाखाली आपोआप आलेली रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलतो, ती जास्त जगतात.

आता ती वाईट गोष्ट. आमच्या वाडीत तिरफळाची झाडं झपाट्याने कमी होत आहेत. काजूची बाग करायची, आंब्याची कलमं लावायची म्हणून डोंगर साफ करतात तेव्हा पहिली कुऱ्हाड तिरफळावर पडते. काटेरी, सावली विरळ, लाकडाला भाव नाही, ठेवायचं कशाला, असा विचार. दुसरं म्हणजे मजुरी. आकडीने घोस काढायला वेळ जातो, म्हणून काही जण फांद्याच तोडून खाली घेतात आणि जमिनीवर बसून निवडतात. पुढच्या दोन-तीन वर्षांना त्या फांदीला फळ नाही. व्यापारी किलोवर घेतो, फांदी तोडली की नाही हे विचारत नाही. मुंबईत ज्या पुडीचे आपण पैसे मोजतो त्यातला फार थोडा भाग काढणाऱ्याच्या हाती पडतो.

माझी सगळ्यांना विनंती आहे. गावी जाल तेव्हा तिरफळं थेट काढणाऱ्या माणसाकडून घ्या, दोन पैसे जास्त द्या, आणि आकडीने काढलेली आहेत का ते विचारा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर फरक पडतो, आमच्याकडे पडलेला आहे. आणि तुमच्या जमिनीत झाड असेल तर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला तेवढं राहू द्या. कलमांना त्याचा त्रास नाही.

माटुंगा_तेप्पल

बाबलोदादा, तुमच्याकडची वाळलेली तेप्पलं मुंबईत कोणी आणून देतं का? आम्ही सोसायटीतल्या काही घरांनी मिळून एकदम घ्यायची ठरवली तर तुम्हाला जमेल? पैसे आगाऊ देऊ.

कुडाळचो_बाबलो

जमात. दसऱ्याच्या सुमारास वाळून तयार होतील. चुलतभाऊ दिवाळीच्या आधी रेल्वेने येणार आहे, त्याच्याकडे देतो. बिया काढून हव्यात की बियांसकट, ते आत्ताच सांगा. निवडणाऱ्या बायकांना त्याची मजुरी वेगळी द्यावी लागेल.

माटुंगा_तेप्पल

बिया काढून. मजुरी त्या मागतील ती. थोड्या बिया वेगळ्या पुडीत द्याल का? होन्नावरला आमची जमीन आहे, तिथे टाकून बघते.

कुडाळचो_बाबलो

बिया देतो, पण दिवाळीपर्यंत थांबू नका. या रविवारी मी स्वतः गावाहून परत येतोय, झाडावर पिकून उकललेली ताजी मिळाली तर तीच आणतो. ठाण्याला की दादरला भेटू ते व्यक्तिगत निरोपात ठरवू.